फोर्कचा मोह: घरगुती डावांतील दुहेरी हल्ल्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षे मी रविवारी सकाळी आमच्या वसाहतीच्या सभागृहात मुलांना आणि त्यांच्या पालकांना बुद्धिबळ शिकवतो. तेथे पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उभ्या पट्ट्यांना ए ते एच आणि आडव्या ओळींना १ ते ८ असे म्हटले आहे. पांढऱ्याचा राजा सुरुवातीला ई१ वर आणि काळ्याचा ई८ वर असतो. मारण्यासाठी × हे चिन्ह वापरले आहे. खेळीच्या क्रमांकानंतर आधी पांढऱ्याची आणि मग काळ्याची खेळी दिली आहे; क्रमांकापुढे तीन टिंबे असतील तर ती खेळी काळ्याची, आणि मोहऱ्याचे नाव नसेल तर ती प्याद्याची. शक्य असल्यास पट समोर मांडूनच वाचावे.

फोर्क म्हणजे नेमके काय?

एकाच मोहऱ्याने एकाच खेळीत प्रतिस्पर्ध्याच्या दोन किंवा अधिक मोहऱ्यांवर हल्ला करणे म्हणजे फोर्क, अर्थात दुहेरी हल्ला. प्याद्यापासून राजापर्यंत कोणीही फोर्क करू शकतो. तरीही घोड्याचा फोर्क सर्वांत जास्त बोचतो, कारण घोडा अडीच घरांची उडी घेतो, त्याच्या वाटेत काही आडवे घालता येत नाही, आणि तो ज्या मोहऱ्यांवर हल्ला करतो त्यांपैकी दुसरा घोडा सोडला तर कोणालाही उलटून त्याला मारता येत नाही.

दोन मोहऱ्यांवर हल्ला झाला की एक मिळणारच. मग धोका कुठे आहे?

धोका त्या ‘मिळणारच’ या शब्दात आहे. फोर्कनंतरची खेळी प्रतिस्पर्ध्याची असते, आणि ती खेळी तो आपला मोहरा वाचवण्यासाठीच खर्च करील असे आपण मनाशी धरून चालतो. त्याने तसे केले नाही तर आपले सगळे गणित कोलमडते. तो शह देऊ शकतो, आपण मारणार असलेल्या मोहऱ्यापेक्षा मोठी धमकी उभी करू शकतो, फोर्क करणाऱ्या मोहऱ्यालाच मारू शकतो, किंवा हल्ल्यात सापडलेला मोहरा मरता मरता आपले काहीतरी घेऊन जाऊ शकतो. माझ्याकडे येणारे बहुतेक खेळाडू फोर्क अचूक ओळखतात. ते हरतात ते फोर्क दिसल्यावर मोजणे थांबवतात म्हणून.

यासाठी फोर्कचे दोन प्रकार मनात स्पष्ट वेगळे ठेवावेत. एक शहासह होणारा आणि दुसरा शहाविना होणारा. शहासह झालेल्या फोर्कला उत्तर देणे बंधनकारक असते, त्यामुळे प्रतिस्पर्ध्याला मोकळीक फार कमी उरते. वजीर आणि हत्ती यांच्यावर शहाविना झालेला फोर्क कितीही देखणा दिसला, तरी त्यात प्रतिस्पर्ध्याच्या हाती एक पूर्ण, मोकळी खेळी असते.

एफ७ वर घोडा घालून मी वजीर आणि हत्ती दोघांनाही धरले, आणि दोन खेळ्यांत मला मात बसली. असे कसे झाले?

हा प्रश्न इतक्या वेळा येतो की डाव न पाहताही मला अंदाज येतो. बहुधा तो डाव असा झालेला असतो: १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट सी४ घोडा डी४. काळ्याने ई५ चे प्यादे उघडे टाकलेले दिसते, म्हणून पांढरा ४. घोडा×ई५ खेळतो. त्यावर काळा वजीर जी५ वर आणतो. आता पांढऱ्याला मोहाची खेळी दिसते: ५. घोडा×एफ७. एका घोड्याने जी५ चा वजीर आणि एच८ चा हत्ती एकाच वेळी धरले, वर दोन प्यादीही मिळाली. खेळणाऱ्याचा हात घोड्यावरून निघतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर आनंद स्पष्ट दिसतो.

काळा वजीर माघारी नेतच नाही. तो ५... वजीर×जी२ खेळतो आणि त्याची नजर एच१ च्या हत्तीवर असते. पांढरा ६. हत्ती एफ१ खेळून हत्ती वाचवतो. मग ६... वजीर×ई४ शह, ७. उंट ई२, आणि ७... घोडा एफ३ मात. ई२ चा उंट वजिरामुळे राजापुढे खिळलेला (हलला तर स्वतःच्याच राजाला शह बसेल असा अडकलेला) असल्याने तो घोड्याला मारू शकत नाही, आणि राजाभोवतीची सगळी घरे त्याच्याच मोहऱ्यांनी अडवलेली असतात. पांढऱ्याचा घोडा एफ७ वर तसाच उभा असतो, एच८ चा हत्तीही जागचा हललेला नसतो. पांढऱ्याचा फोर्क अगदी खरा होता, फक्त तो वसूल करायला वेळच मिळाला नाही.

या सापळ्याला इंग्लंडचे विख्यात खेळाडू जोसेफ हेन्री ब्लॅकबर्न (१८४१–१९२४) यांचे नाव जोडलेले आहे. कॉफीगृहात एकेका शिलिंगच्या पैजेवर ते नवख्यांना असे हरवत, अशी आख्यायिका आहे. सापळा म्हणून तो घातक असला तरी तिसऱ्या खेळीतला घोडा डी४ मुळात चांगला नाही. पांढऱ्याने शांतपणे ४. घोडा×डी४ खेळावे किंवा किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवून राजाला सुरक्षित करणे) करावा, म्हणजे काळ्याकडे काहीच राहत नाही. ई५ चे प्यादे चुकून घेतलेच असेल, तर जी५ वर वजीर आल्यानंतर फोर्कचा हट्ट सोडून ५. उंट×एफ७ शह खेळावे. त्यात निदान काळ्याचा राजा उघड्यावर येतो आणि डाव लढण्याजोगा राहतो.

मग एफ७ वरचा फोर्क कधीच करू नये का?

असे मुळीच नाही, आणि शिकवताना अशी सरसकट बंदी घालणे मला चुकीचे वाटते. १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट सी४ घोडा एफ६ ४. घोडा जी५ डी५ ५. ई×डी५ या क्रमात काळ्याने ५... घोडा×डी५ खेळले, तर ६. घोडा×एफ७ हा शतकानुशतके खेळला गेलेला हल्ला आहे. येथे डी८ चा वजीर आणि एच८ चा हत्ती यांवर फोर्क होतो आणि काळ्याच्या राजाला घोडा घ्यावा लागतो. पुढची ७. वजीर एफ३ ही खेळी राजाला शह देते आणि डी५ च्या घोड्यावर दुसरा हल्ला आणते. तो घोडा राखायचा तर राजाला ई६ वर, पटाच्या मध्यात यावे लागते, आणि पांढरा ८. घोडा सी३ खेळून त्याच घोड्यावर आणखी भार टाकतो. येथील फोर्क हे राजाला ओढून बाहेर काढण्याचे साधन आहे. घोडा बळी जाणार हे पांढऱ्याला ठाऊक असते आणि त्याची किंमत त्याने आधीच मोजलेली असते. म्हणूनच जाणकार खेळाडू पाचव्या खेळीत डी५ चे प्यादे मारण्याऐवजी घोडा ए५ वर नेतात.

आता याच क्रमात एकच गोष्ट बदला. चौथ्या खेळीत काळा एफ७ कडे दुर्लक्ष करून उंट सी५ वर काढतो. चेक खेळाडू कारेल ट्राक्सलर यांच्या नावाने हा प्रकार ओळखला जातो. ५. घोडा×एफ७ ने तोच फोर्क होतो, पण काळा ५... उंट×एफ२ शह देतो. राजाने उंट घेतला तर ६... घोडा×ई४ शह. राजा जी१ वर गेला की काळ्याचा वजीर एच४ वर येतो. त्या एकाच खेळीत तो फोर्कमधून निसटतो आणि एफ२ वर मात करण्याची धमकीही देतो. अचूक खेळणाऱ्याला पांढऱ्याकडूनही येथे तग धरता येतो, परंतु चहाचा कप बाजूला ठेवून दहा मिनिटांच्या डावात ते साधणे फार कठीण आहे. या स्थितीत ५. उंट×एफ७ शह हा मार्ग अधिक सुरक्षित आहे. प्यादे मिळते, काळ्याचा किल्लेकोट जातो, आणि पांढऱ्याचा उंट परत फिरू शकतो.

सी७ वर शह देऊन ए८ चा हत्ती मारणे तरी फायद्याचे असते ना?

बहुतेक वेळा असते. पण हिशेब कागदावर मांडून पाहावा, कारण येथे लोक अर्धाच हिशेब करतात. प्यादे १, घोडा आणि उंट प्रत्येकी ३, हत्ती ५ आणि वजीर ९ ही रूढ किंमत धरू. घोड्याने सी७ चे प्यादे मारत शह दिला आणि पुढे ए८ चा हत्ती मारला, तर ६ मिळाले. ‘सहा मिळाले’ म्हणून खेळाडू खूश होतो. पण कोपऱ्यातल्या घोड्याला बाहेर पडायला दोनच घरे असतात, बी६ आणि सी७. ए७ चे प्यादे बी६ राखते. काळ्याचा राजा डी८ वर सरकला असेल तर सी७ त्याच्या ताब्यात असते. मग काळा सवडीने बी६ आणि उंट बी७ खेळून घोडा उचलतो. फार तर जाता जाता घोडा बी६ चे प्यादे घेऊन मरतो. म्हणजे निव्वळ लाभ सहाचा नव्हे, तीन ते चारचा.

तो लाभही काही कमी नाही. मात्र त्यासाठी बी१ चा घोडा सी३, बी५, सी७, ए८ असा चार वेळा हललेला असतो. तेवढ्या वेळात काळ्याने मोहरे बाहेर काढले असतील आणि पांढऱ्याचा राजा अजून ई१ वरच असेल, तर मधल्या खेळ्या पुरेशा धोक्याच्या ठरतात. फोर्कआधी स्वतःला एकच गोष्ट विचारावी: हा घोडा परत कसा येणार? परतीची वाट नसेल तर तो गेला असे धरूनच बेरीज करावी.

या सी७ च्या फोर्कमध्येही थेट मात बसू शकते का?

होय, आणि याचे उदाहरण प्रत्येकाने एकदा पटावर मांडून पाहावेच. १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. डी४ ई×डी४ ४. घोडा×डी४ वजीर एच४. पहिले जागतिक विजेते विल्हेल्म स्टाइनिट्झ यांच्या नावाने हा प्रकार ओळखला जातो. वजीर डी८ वरून निघाल्याने सी७ उघडे पडले, म्हणून ५. घोडा बी५. काळा ५... उंट सी५ खेळतो. आता सी७ वर फोर्क समोर आहे, शहासह आहे, आणि मी वर सांगितले त्याप्रमाणे शहासह फोर्क अधिक भरवशाचा. तरीही पाहा: ६. घोडा×सी७ शह, राजा डी८. ७. घोडा×ए८, वजीर×एफ२ मात. सी५ चा उंट वजिराला आधार देतो, राजाला ई२ आणि डी२ वर जाता येत नाही, डी१ आणि एफ१ त्याच्याच मोहऱ्यांनी व्यापलेले आहेत.

शहाने काळ्याला एक खेळी हलवायला लावले, एवढेच. एफ२ वरची धमकी तशीच टिकून होती, आणि राजा डी८ वर जाताना उलट घोड्यावरच हल्ला करून गेला. गेल्या पावसाळ्यात आमच्या सभागृहात एका मुलाने हाच डाव खेळला. हत्ती उचलून त्याने तो स्वतःच्या बाजूला, पटाच्या कडेला नीट उभा केला, आणि मग मान वर करून पाहिले तर समोरच्या मुलीने वजीर एफ२ वर आधीच ठेवला होता. तो बराच वेळ पट न मोडता बसून राहिला. मी त्याला तेथेच सहाव्या खेळीपर्यंत मागे नेले, आणि आधी वजीर एफ३ खेळून एफ२ राखले तर काय होते हे दोघांनी मिळून शोधले.

प्याद्याचा फोर्क सुरक्षित असतो, हे खरे का?

तुलनेने खरे आहे, कारण प्यादे गेले तरी गमावण्यासारखे थोडेच असते आणि धरलेले मोहरे मात्र किमतीचे असतात. १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. घोडा सी३ घोडा एफ६ ४. उंट सी४ यानंतर काळ्याची ४... घोडा×ई४ ही खेळी पहिल्यांदा पाहणाऱ्याला वेडेपणाची वाटते. पण ५. घोडा×ई४ डी५ झाले की प्याद्याने सी४ चा उंट आणि ई४ चा घोडा धरलेला असतो. घोडा आधी देऊन मग परत मिळवण्याची ही खेळी पूर्णपणे योग्य आहे, आणि माझ्या मते नवख्याने शिकण्याचा पहिला फोर्क हाच असावा.

दोन गोष्टी विसरू नयेत. आपले प्यादे त्याच्यामागच्या राजामुळे खिळलेले असेल, तर ते मारूच शकत नाही. आणि मूळ घरावरून दोन घरे पुढे टाकून फोर्क केला असेल, तर शेजारच्या पट्टीतले योग्य ओळीवरचे शत्रूचे प्यादे लगेचच्या खेळीत एन पासाँ नियमाने त्याला वाटेतच मारू शकते. घरगुती डावांत हा नियम अनेकांना माहीतच नसतो, आणि मग फोर्क करणाऱ्यालाच अन्याय झाल्यासारखे वाटते.

वजिराने केलेला फोर्क किती भरवशाचा?

वजीर एका वेळी आठ दिशांना पाहतो, त्यामुळे त्याचे फोर्क सर्वांत सहज सापडतात. परंतु तोच सर्वांत महाग मोहरा असल्यामुळे राखलेला मोहरा मारून त्याला लाभ होत नाही, आणि शत्रूच्या गोटात शिरल्यावर तो कोंडला जाण्याची भीती असते. १. डी४ ई५ २. डी×ई५ घोडा सी६ ३. घोडा एफ३ वजीर ई७ ४. उंट एफ४ वजीर बी४ शह हे पाहा. वजिराने राजा, एफ४ चा उंट आणि बी२ चे प्यादे असे तिघांना धरले. ५. उंट डी२ वर ५... वजीर×बी२. आता पांढऱ्याने घाईने ६. उंट सी३ खेळले, तर ६... उंट बी४ ने पांढरा संकटात येतो. ७. वजीर डी२ उंट×सी३ ८. वजीर×सी३ वजीर सी१ मात. आठव्या खेळीत घोड्याने उंट मारला तर ए१ चा हत्ती जातो.

याच डावात पांढऱ्याने ६. घोडा सी३ खेळले की चित्र पालटते. पांढऱ्याचे मोहरे एकेक करून बाहेर येतात, आणि काळ्याचा वजीर ए३, ए५ असा जीव वाचवत फिरत राहतो. प्रतिस्पर्धी चुकला तर मात, बरोबर खेळला तर आपली स्थिती वाईट, असा हा सौदा आहे. रोजच्या भिडूसमोर तो एकदाच चालतो.

शह बसला की किल्लेकोट करण्याचा हक्क जातो, म्हणून फोर्कचा शह द्यावाच, असे आमच्याकडे म्हणतात. ते बरोबर आहे का?

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बरोबर नाही. शह असताना किल्लेकोट करता येत नाही एवढेच. राजा न हलवता शह निवारला, म्हणजे शह देणारा मोहरा मारला किंवा मध्ये काही आणले, तर किल्लेकोटाचा हक्क शाबूत राहतो. राजा किंवा त्या बाजूचा हत्ती हलला तरच तो जातो. हा समज आपल्या जुन्या देशी पद्धतीतून आला असावा. त्या पद्धतीत राजाला डावात एकदा घोड्याप्रमाणे अडीच घरांची उडी घेता येत असे, आणि आधी शह बसला असेल तर ती सवलत जात असे. प्यादेही एकच घर चाले. त्याच पद्धतीत वाढलेले पंजाबचे सुलतान खान यांनी पुढे आंतरराष्ट्रीय नियम आत्मसात करून १९२९, १९३२ आणि १९३३ मध्ये ब्रिटिश अजिंक्यपद मिळवले. आजोबांकडून खेळ शिकलेल्यांनी डाव सुरू करण्यापूर्वी कोणते नियम चालतील हे ठरवून घ्यावे.

फोर्क पूर्ण मोजला म्हणजे काय, याचे एखादे मोठ्या स्पर्धेतील उदाहरण आहे का?

१९६६ च्या जागतिक अजिंक्यपद लढतीतील दहावा डाव पाहावा. टिग्रान पेट्रोस्यान पांढऱ्याकडून बोरिस स्पास्कीविरुद्ध खेळत होते. त्यांनी आधी उंटाने एफ७ चा हत्ती मारून काळ्याचा दुसरा हत्ती तेथे आणला, आणि तिसाव्या खेळीला वजीर सरळ एच८ वर ठेवून शह दिला. राजाने वजीर घेतला असता तर घोडा एफ७ चा हत्ती मारत राजाला शह देतो आणि जी५ चा वजीर धरतो. स्पास्कींनी तेथेच डाव सोडला. वजीर देण्याचे धाडस येथे डोळ्यांत भरते खरे, पण मला त्या फोर्कची बंदिस्त रचना अधिक मोलाची वाटते. प्रत्येक खेळीत शह आहे, त्यामुळे काळ्याला मध्येच दुसरे काही करायला क्षणभरही फट नाही.

माझ्यावर फोर्क पडला तर काय करावे?

घाबरून लगेच मोठा मोहरा हलवू नये. प्रथम फोर्क करणाऱ्या मोहऱ्याला मारता येते का हे पाहावे. अनेकदा दूरवरचा उंट ते घर राखून असतो आणि आपल्यालाच त्याचा विसर पडलेला असतो. त्यानंतर आपल्याला शह देता येतो का, आणि तो देताना धरलेल्यांपैकी एक मोहरा सुटतो का, हे तपासावे. काहीच जमत नसेल तर जाणारा मोहरा स्वस्तात जाऊ देऊ नये. तो ज्या कोणाला मारू शकतो त्याला मारून जावा. हत्ती जाणारच असेल आणि त्याच्या बदल्यात उंट मिळत असेल, तर नुकसान पाचाऐवजी दोनावर येते.

घरी सराव करण्यासाठी एखादी स्थिती सुचवाल का?

वर दिलेला स्टाइनिट्झ प्रकारच पुन्हा मांडा, आणि सहाव्या खेळीत पांढऱ्याकडून वजीर एफ३ खेळा. आता काळ्याने ६... घोडा डी४ खेळून एफ३ चा वजीर आणि सी२ चे प्यादे यांवर फोर्क केला असे समजा. पांढरा ७. घोडा×सी७ शह देतो, राजा डी८, आणि ८. वजीर एफ४. या खेळीने पांढऱ्याचा वजीर हल्ल्यातून निघतो, काळ्याच्या वजिराला भिडतो आणि सी७ चा घोडाही राखतो. पुढे ८... घोडा×सी२ शह ९. राजा डी१ वजीर×एफ४ १०. उंट×एफ४ घोडा×ए१ ११. घोडा×ए८. दोघांनीही फोर्क केला, दोघांनीही हत्ती मारला, आणि दोघांचेही घोडे शत्रूच्या कोपऱ्यात अडकले. काळ्याच्या घोड्याची बी३ ची वाट ए२ च्या प्याद्याने आणि सी२ ची वाट राजाने धरली आहे. पांढऱ्याच्या घोड्यासाठी एफ४ चा उंट तूर्त सी७ राखून आहे, पण काळ्याने डी६ खेळताच ती तिरपी वाट बंद होते. येथून पुढे दोन्ही बाजूंनी, आलटून पालटून, किमान चार वेळा खेळून पाहा, आणि प्रत्येक वेळी कोणाचा घोडा आधी सुटतो याची नोंद वहीत ठेवा.